गुळव्याचं नाक

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी सांगलीत मेंदूविकारांचा डॉक्टर म्हणून बसू लागलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. रहिमतपूरच्या शाळेतल्या मास्तरांनी मला पुढे ढकललं नसतं, तर मी तिथवर पोचलोच नसतो.

डोक्याला मार लागल्यावर काही जणांना वास येणं बंद होतं. तो परत कधी येतो, येतो की नाही, हे मला नोंदवून ठेवायचं होतं. परदेशी पुस्तकात तपासणीसाठी कॉफी आणि लव्हेंडर सुचवलं होतं. आमच्याकडच्या माणसांना ते कुठून ओळखू येणार? मी हिंग, हळद, रॉकेल, गूळ अशा बाटल्या भरल्या, त्यांना बाहेरून कागद गुंडाळला आणि एकेक नाकपुडी दाबून पेशंटला हुंगायला देऊ लागलो.

कराडजवळच्या गावातला एक गुळव्या बैलगाडीवरून डोक्यावर पडून माझ्याकडे आला होता. गुऱ्हाळात काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, उकळता उसाचा रस नेमका कधी उतरवायचा, हे गुळव्या ठरवतो. हा माणूस ते वासावरून ओळखायचा, आणि पडल्यापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता. वास परत आल्याची डॉक्टरची चिठ्ठी आणलीस तरच हंगामाला ये, असं मालकाने त्याला बजावलं होतं.

चार महिन्यांनी तो पुन्हा तपासणीला आला. मी गुळाची बाटली नाकाशी धरली. त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"काही आलं? गोडसर? गुळाचा ना?" मी विचारलं.

"व्हय की. गुळाचाच हाय."

मला इतका आनंद झाला की दुसरी बाटली न उघडताच मी चिठ्ठी लिहून दिली.

हंगामात मुद्दाम त्याचं गुऱ्हाळ बघायला गेलो. काहील उकळत होती. तो रसाच्या रंगाकडे बघत होता आणि शेजारी त्याची बायको पदर सावरून वाफेत वाकली होती. "आता उतरवा, न्हाईतर करपंल," ती म्हणाली, आणि लगेच काहील उतरली.

मी बघतच राहिलो. ती हसली. "बगता काय डाक्टर? ह्यांचं नाक म्या हाय आता. नवरा माजा, नाकबी माजंच!"

"पण त्या दिवशी तुम्हाला वास आला होता ना?" मी त्याला विचारलं.

त्याने मान खाली घातली. "न्हाई आला. तुमीच गुळाचा ना म्हनला. तुमचं त्वांड लय खुललं हुतं, न्हाई कसं म्हनायचं?"

"आणि चिठ्ठी?"

"चुलीत घातली. मालकाला खरं सांगितलं. त्यो म्हनला, बायकूला संगं घेऊन उभा ऱ्हा, काहील तुजी."

त्यांनी मला गरम गुळाचा खडा दिला. तो खात मी एस.टी.ने परतलो.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या नोंदींची वही उघडून त्याच्या नावापुढचा 'होय' खोडला. मग मागची पानं चाळू लागलो. आणखी किती जणांना मी बाटलीबरोबर उत्तरही दिलं होतं, ते आठवेना. सगळ्यांना पोस्टकार्डं लिहिली : तपासणी पुन्हा करायची आहे, चूक माझी आहे, कृपया यावं.