श्रुतीचं पुटपुटणं

आमचे हे, म्हणजे संदेशराव, ऑफिसात मराठीचा एक शब्द काढत नाहीत. हैदराबादेत माधापूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत वीस वर्षं गेली. तेलुगू बोलतात, हैदराबादी हिंदी बोलतात, इंग्रजीत भांडतातसुद्धा. पण समोरचा मराठी निघाला की ह्यांना दातखीळ बसते. मी पुण्याची. लग्नानंतर बरीच वर्षं मला वाटायचं, ह्यांना आपल्या भाषेची लाज वाटते. तसं नव्हतं.

माझे सासरे हिम्मतराव सरकारी कचेरीत होते. अंबरपेठेतल्या घरी गावाकडचा कुणी मराठी माणूस आला की "हौ, बघू की" म्हणायचे आणि त्याला कुठंतरी नोकरीला चिकटवून द्यायचे. चांगुलपणाच तो. पण ज्यांची पोरं मागं राहिली त्यांनी तोंडं उघडली, आणि शाळेत पोरं ह्यांना 'वशिलेवाल्याचा पोरगा' म्हणून चिडवायला लागली. ते मनात असं रुतलं की पुढं माझ्या सख्ख्या भाच्याचा अर्जसुद्धा ह्यांनी न वाचता परत केला. माहेरी मला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते माझं मलाच ठाऊक.

तर मागच्या महिन्यात ह्यांच्याकडे शिकाऊ प्रोग्रामरची एक जागा निघाली. शेवटी दोघं उरले, कुलदीप नावाचा मुलगा आणि मलकपेठची श्रुती. मुलाखत घरबसल्या, कॅमेऱ्यापुढं. घ्यायला हे आणि आणखी दोन साहेब, दोघंही तेलुगू. दुकानातल्या मालाची यादी लावणारा छोटासा प्रोग्राम लिहायचा होता. कुलदीपनं लिहिला. श्रुतीनंही लिहिला, पण लिहिताना ती सारखी भिंतीकडं बघायची आणि ओठ हलायचे. हल्ली बाजूला कुणालातरी बसवून उत्तरं विचारून घेणारे फार झालेत. साहेबांनी ठरवलं, ही त्यातलीच. नुसतं नाकारलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तिच्या नावापुढं 'फसवणूक' अशी खूण मारली. म्हणजे त्या कंपनीचं दार कायमचं बंद, आणि वर कपाळी लबाडीचा शिक्का.

ह्यांना मात्र सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं आणि कळलंही होतं. पोरगी स्वतःशीच मराठीत बोलत होती. यादी रिकामीच आली तर काय करायचं? एकच नाव दोनदा आलं तर? असं एकेक विचारायची, आणि मग लिहायची.

हे सगळं मला जेवताना सांगितलं. ताटातली अंबाडीची भाजी तशीच होती.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मराठी मुलीची बाजू मराठी माणसानं घेतली, असं झालं असतं."

माझं डोकंच फिरलं. "अहो, खरं सांगणं म्हणजे वशिला का? मामंजींनी दहा जणांना चिकटवलं असेल, पण कुणाला लबाड नाही ठरवलं. स्वतःला डाग लागू नये म्हणून तुम्ही त्या लेकराच्या तोंडाला काळं फासू दिलंत."

ह्यांनी हात धुतले आणि गच्चीत जाऊन बसले.

सकाळी डबा न घेताच गेले. दोन्ही साहेबांना आहे ते सांगितलं. ते म्हणाले, कुलदीपला पत्र कालच गेलं, ते आता परत घेता येणार नाही. खूण पुसायची असेल तर मुलीनं इथं येऊन आमच्यासमोर लिहून दाखवावं. वाईट माणसं नव्हेत ती.

जागा गेली हे सांगूनच श्रुतीला बोलावलं होतं, तरी ती आली. तिला नवा प्रश्न दिला. पोरीनं ओठ घट्ट मिटले, वरून एक हात तोंडावर धरला. आणि तिला काही सुचेना. डोळ्यांत पाणी आलं, पण हात काही खाली घेईना.

तेव्हा हे, ज्यांनी त्या ऑफिसात कधी मराठी बोलून दाखवलं नाही, तिच्याजवळ गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाळ, मोठ्यानं बोल. मराठीतच बोल. ह्यांना मी सांगतो."

ती बोलत गेली, हे एकेक वाक्य साहेबांना तेलुगूत सांगत गेले, आणि प्रोग्राम पुरा झाला. साहेबांनी तिथल्या तिथं खूण काढली. पुन्हा जागा निघाली तर कळवू म्हणाले. ती कधी निघेल, देव जाणे.

हे तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. तिनं विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

"हो," हे म्हणाले.

"पडद्यावर तुमचं आडनाव वाचलं होतं मी. म्हणून तर बिनधास्त बोलत होते. म्हटलं, एकाला तरी कळतंय मी काय बोलतेय ते."

लिफ्ट आली, ती नमस्कार करून गेली. मला हे सांगता सांगता ह्यांना रडू कोसळलं, आणि मी आपली खुर्ची ह्यांच्याजवळ ओढून घेतली.