कुंपणापलीकडची विहीर

शुक्र आणि पृथ्वी ही सख्खी भावंडं, असं मी भूगोलाच्या तासाला जन्मभर शिकवलं. आकार जवळजवळ सारखा, दगडाची घडणही तीच. शुक्र सूर्याच्या जरा जवळ, एवढंच. तिथं पाणी असलंच तर त्याची वाफ झाली, वाफेनं उष्णता आणखी कोंडली, आणि हळूहळू ते पाणी अवकाशात निघून गेलं. राहिली ती नुसती भट्टी.

उदाहरण माझ्या घरीच होतं. बाबांनी खाडीकाठच्या उमेळे गावातली वाडी आम्हा दोघा भावंडांत वाटली आणि प्रत्येकाला एक विहीर दिली. तोच कातळ, तेच गोड पाणी. थोरल्या भावानं केळी काढून टाकली, पंप बसवला आणि टँकरच्या टँकर भरून नव्या इमारतींना पाणी विकलं. मी कडाकडा भांडले. "अरे, खाडी टपून बसलीय! विहीर खारी होईल!" तो हसायचा. "बाय, तू आपली पोरांना शिकव."

शेवटी खाडी आत शिरलीच. त्याची विहीर मचूळ झाली, उरलासुरला मोगरा जळाला, टँकरवाले फिरकेनात. माझं पाणी मात्र गोड. खरं सांगू? चांगली जिरली, असंच वाटलं मला.

मग तो रोज सकाळी कळशी घेऊन माझ्या विहिरीवर यायला लागला. मी चहा द्यायचे, वर शुक्राचा धडाही. एकदा त्यानं विचारलं, "बाय, त्या शुक्राचं पानी परत येल का गं?"

"नाही," मी फटकन म्हणाले. "गेलं ते गेलं."

परवा माझा चहा फाटला. मी दूधवाल्याच्या नावानं बोटं मोडली. काल नवं दूध आणलं, तरी फाटला. तेव्हा माझ्या कळशीतलं पाणी चाखलं. मचूळ! शुक्र-पृथ्वीच्या मध्ये कोट्यवधी किलोमीटरची पोकळी आहे. आमच्या विहिरींमध्ये फक्त एक कुंपण, तेही जमिनीच्या वर. भूगोलाच्या बाईला एवढं कळू नये!

आज भाऊ आला. मी दारातच उभी राहिले. त्यानं पोहरा ओढला, ओंजळभर पाणी प्यायला आणि थांबला. ती चव त्याच्याइतकी कुणाच्या ओळखीची? त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"गोड हाय गं, बाय," तो म्हणाला, आणि कळशी काठोकाठ भरून घेऊन गेला.