मॅडमच्या डोक्यावरचा हवेचा दाब

नाशिकच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या पोरांना सूत्रं धडाधड येतात, पण कुकरची शिट्टी का वाजते हे घरी आजीला सांगायचं म्हटलं की बोबडी वळते. म्हणून मी शनिवारी एक जादा तास सुरू केला : लोकांशी विज्ञान बोलायचं कसं. नियम कडक. जड शब्द वापरला की उठाबशा. आणि प्रयोग दाखवून एका मिनिटात आटपायचं, कारण त्यानंतर तुमचं फक्त तुम्हीच ऐकत असता.

या तासावर स्पर्धा परीक्षेच्या वर्गवाल्यांचा डोळा होता. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "पोरांना सायखेड्याच्या बाजारात बोलू द्या, मी स्वतः येते. लोक शेवटपर्यंत थांबले तर तास तुमचा. पांगले तर त्यांचा."

बाजारात पोचल्यावर पोरं बिचकली. मी म्हणालो, "आधी मी करून दाखवतो. बघून शिका." आणि मेथीच्या जुड्यांशेजारी उभा राहून घसा खाकरला.

"काय विकता?" मेथीवाल्या मावशींनी विचारलं.

"काही नाही, मावशी."

"मंग वर्गणी हाय का?"

"छे, छे."

"मतं मागता?"

"विज्ञान सांगायला आलोय."

"मंग जरा तिकडं सरकून सांगा. गिऱ्हाईक अडतंय माझं."

चार माणसं थांबली होती, त्यातली दोन निघाली. मॅडमनी घड्याळ पाहिलं. मी घाईघाईने सोबतच्या बादलीतल्या पाण्याने पेला काठोकाठ भरला आणि त्यावर स्टाफरूममधून उचललेली लग्नपत्रिका ठेवली. पेला उलटा केला की खालची हवा पत्रिका दाबून धरते, पाणी पडत नाही. पण हे बादलीवर दाखवलं तर बघणार कोण? डोकं हवं. समोर पांढरी टोपी घातलेले एक बाबा होते.

"या बाबा, उभे राहा. थेंबसुद्धा पडणार नाही."

"टोपी आजच धुतलीय. एवढी खात्री हाय तर तुमच्या मॅडमच्या डोक्यावर धरा की!"

निम्मा बाजार गोळा झाला. मॅडमना नाही म्हणायची सोयच उरली नाही. त्या पुढे आल्या. साडी कडक इस्त्रीची, चेहरा त्याहून कडक. मी पेला उलटा केला. पाणी थांबलं!

इथे थांबायचं, हे पोरांच्या डोक्यात मीच घातलं होतं. पण एवढी गर्दी माझ्या वर्गात कधी नसते हो. मी सुटलो. हवेला वजन असतं, इथून निघालो तो हातपंपावरून विमानापर्यंत गेलो. मागून एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, मिनिट."

"प्रश्न शेवटी," मी म्हणालो.

पत्रिका मात्र भिजत होती. आधी एक कोपरा वाकला, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून' मधोमध फुगलं, आणि अख्खा पेला मॅडमवर रिकामा झाला.

मग मावशी मेथीची जुडी तोंडावर दाबून हसायला लागल्या आणि त्यांच्यामागोमाग सगळा बाजार. पांगलं मात्र कोणीच नाही. मी भिजलेली पत्रिका उचलायला वाकलो. तेवढ्यात तीच विद्यार्थिनी पुढे आली.

"आत्ता पडलं ते सगळ्यांनी पाहिलं. पण इतका वेळ का नाही पडलं?"

झालं, लोक भांडायलाच लागले.

"चिकटवलं असंल कायतरी."

"नाय हो, खालून हवा दाबती ना, सर सांगत व्हते की."

"मंग शेवटी काय हवा दमली का?"

टोपीवाल्या बाबांनी टोपी काढून खिशात घातली. "पोरी, धर माझ्या डोक्यावर. लय वेळ नको, तुझ्या सरांसारखा." लग्नसराईच होती, जाडजूड पत्रिका पिशव्या-पिशव्यांतून निघाल्या. पोरं पेले उलटे करत होती, मिनिटाच्या आत सुलटे करत होती, बोलत होती. मी बादली धरून उभा होतो. मावशींनी तर गिऱ्हाइकाला थोपवलं : "मेथी कुठं पळती? हे बघ आधी."

परतताना गाडीत मॅडम डोक्याला माझा रुमाल गुंडाळून बसल्या होत्या. नाशिक जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "तास तुमचा. पुढच्या वेळी डोकंही तुमचंच."

मी भारावून गेलो. मॅडमचा मोठेपणा, कॉलेजची परंपरा, विज्ञानाचं भवितव्य, असं करत आभार मानायला लागलो.

मागच्या सीटवरून आवाज आला, "सर, मिनिट."