गार बाटली

धुकं इतकं दाट होतं, की कारखान्याच्या धुराड्याचं वरचं अर्धं कुणी उसनं नेल्यासारखं वाटत होतं. फाटकालगतच्या दवाखान्यात भाची बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. थंडीने डिंक धरत नव्हता. अख्खा कारखाना तिला भाचीच म्हणे, कारण तिचा मामा भरणखात्यातला सगळ्यात जुना कारागीर. ताप मोजायच्या नळ्यांत पारा भरावा तो मामानेच. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही.

तोच पारा माणसांच्या अंगात किती मुरलाय, हे दर तीन महिन्यांनी लघवीवरून मोजत. अहवालावर एक तांबडी रेघ असे. आकडा रेघेच्या वर गेला की माणूस खात्याबाहेर. मग आवारात झाडू मारत बसा.

"काय गं, बाटली अर्धी भरली तर चालेल?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"चालेल. फक्त तुझ्या अकलेएवढी नको, तेवढी पुरायची नाही!"

रांग खदखदली. मामाने बाटली हातात दिली, तेव्हा मात्र तिचं हसू जिरलं. बाटली गार होती. आत्ता भरलेली बाटली कोमट लागते. हजार बाटल्या हाताळलेल्या तळव्याला ते कुणी शिकवावं लागत नाही. तिने वर पाहिलं. मामा छताकडे बघत होता आणि त्याची बोटं कोटाच्या बटणाशी थरथरत होती.

"मामा, ही..."

"थंडी आहे बाई. लाव चिठ्ठी. मागे माणसं खोळंबलीत."

आईबापामागे ज्याने वाढवलं, त्याला चारचौघांत चोर कसं म्हणायचं? आणली असेल पहारेकऱ्याकडून भरून. आकडा नितळ येईल, मामा पाऱ्यापाशीच राहील, आणि एक दिवस त्याला पाण्याचा पेलाही धरता येणार नाही. सगळं कळत होतं. तरी तिने चिठ्ठी चिकटवली.

नवव्या दिवशी अहवाल आला. मामाच्या नावापुढचा आकडा रेघेच्या चांगला वर होता.

ती तडक भरणखात्याच्या दारात गेली. मामाने कागद पाहिला आणि चक्क हसला.

"काहीतरी घोळ झालाय. ती बाटली माझी..." आणि त्याने जीभ चावली.

"तुझी नव्हती, ठाऊक आहे मला. कुणाची होती?"

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. तो आपल्या विजारीच्या दुमडीकडे पाहू लागला. दुमडीत मोहरीएवढा पारा चमकत होता.

"तुझ्या मामीची. साखर तपासायचीय म्हणून मागून घेतली. म्हटलं, ती कधी कारखान्याची पायरी चढलेली नाही. तिच्यात काय असणार?"

संध्याकाळी दोघं घरी आली. मामी न्हाणीत बसून मामाचेच कपडे घासत होती, रोजच्यासारखे, हातांनी.

"काय गं, माझी साखर किती आली?" तिने मान न वळवता विचारलं. "हल्ली सुईत दोरा जात नाही. हात कापतो मेला. साखरच असणार."

मामा दाराला टेकला. भाचीने मामीच्या हातातून साबण काढून घेतला.

"साखर नाही मामी. पारा आहे. याच कपड्यांतून आलाय." आणि तिने गार बाटलीची सगळी हकिकत सांगितली, चिठ्ठी आपणच लावली हेसुद्धा.

मामी बादलीतल्या पाण्याकडे पाहत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"तीस वर्षांत एक फूल कधी घरी आणलं नाहीत. आणि हे बरं, रोज न चुकता आणलंत!"

मामाने ओले कपडे पिशवीत कोंबले आणि पिशवीचं तोंड आवळून बांधलं.

सकाळी ती पिशवी त्याने मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली, "हे आता इथेच धुवायचे," एवढंच म्हणाला, आणि दवाखान्यात आला. मोजणीचा दिवस नव्हता. तरी त्याने आडोशाला जाऊन बाटली भरली. भाचीने ती हातात घेतली. कोमट होती.

"झालं. आता हातात झाडू," तो पुटपुटला.

"घरी कधी धरला नाहीत, इथे तरी शिका," पाठोपाठ आलेली मामी म्हणाली आणि आपलीही बाटली पुढे केली. तिचा हात कापत होता. भाचीने तो क्षणभर धरून ठेवला.

मग तिने दोन्ही चिठ्ठ्यांवर नावं लिहिली. डिंक आजही धरत नव्हता. तिने अंगठ्याने दाबून त्या बसवल्या, आणि रिकाम्या बाटल्या विसळायला घेतल्या.