बर्फवाल्यांच्या काचेवर बर्फ

पाचगणीला गाडीनं जायचं ठरलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, आगगाडीनं का नाही? पाचगणीला आगगाडी जात नाही हे मला ठाऊक होतं. पण एखादी सोय नाही म्हणून ती विचारूच नये, असं थोडंच आहे?

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. संक्रांत नुकतीच झालेली. माझी मुलगी सुनंदा बी.एड. झाली होती आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेनं तिला गणित शिकवायच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. आधीच्या बाई वर्ष अर्धवट टाकून गेल्यामुळे शाळेला घाई होती. मुलाखत सकाळी नऊला, उशिरा येणाऱ्यांना घेणार नाही, असं आधीच बजावलेलं. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलो, त्यातली शेवटची दोन वर्षं नुसता बसून होतो. त्यामुळे वर्सोव्याच्या आमच्या कोळीवाड्यात माझी कॉलर ताठ होती. मुलीला नोकरी मिळू दे, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. मनात मात्र एकच होतं, की मिळू नये. थंडीच्या डोंगरात पोर एकटी राहणार, ताप आला तर पेज कोण देणार?

हे मी बायकोला, हिराला, बोललो. ती म्हणाली, "तुमाला समुद्रावर वारा सुटला तरी पोरीला सर्दी होईल असं वाटतं. गप बसा."

आमच्याकडे स्वेटर नव्हते. वर्सोव्यात स्वेटर घालून काय सुकट वाळत घालायची? म्हणून बोरीवलीला माझ्या साडूकडे गेलो. त्याची सोसायटी नॅशनल पार्कच्या कडेला. तिथले लोक जानेवारीत सकाळी दूध आणायला जाताना मफलर गुंडाळतात आणि आपण हिल स्टेशनला राहतो असं समजतात. साडूनं चार स्वेटर आणि एक माकडटोपी दिली. वर ऐकवलं, "थंडी म्हणजे काय ते आम्हाला विचारा."

गाडी माझ्या मेव्हण्याची, नथूची. पांढरी फियाट. मढच्या बंगल्यांवर शूटिंगसाठी येणाऱ्या लोकांची तो ने-आण करायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी एक हिरो बसलेला असायचा. "भावजी, तुम्ही बसलाय ना, त्याच सीटवर हिरो बसतो. पण तो असा घट्ट धरून नाही बसत."

पहाटे निघालो. तेव्हा आजच्यासारखा मोठा रस्ता नव्हता. घाटकोपर, चेंबूर करत वाशीचा पूल ओलांडायचा, पनवेल, खोपोली, मग खंडाळ्याचा घाट. जाणाऱ्यांना सांगतो, खोपोलीला घाटाच्या आधी पोटभर वडे खाऊ नका. हिरानं खाल्ले. पुण्याच्या पुढे कात्रजचा घाट, मग खंबाटकीचा, आणि सुरूर फाट्याला उजवीकडे वाईला वळायचं. वाईत एका खानावळीत पिठलं-भाकरी मिळाली. भाकरी आपल्यासारखी तांदळाची नाही, ज्वारीची. मालक प्रेमानं आणखी वाढत होता आणि मी वाट चुकण्याच्या भीतीनं त्यालाच रस्ता तीनदा विचारत होतो.

वाईहून वर चढणारा पसरणीचा घाट दिसायला सुंदर आहे. मी पाहिला नाही. थंडी वाढली म्हणून मी चारही काचा वर करायला लावल्या आणि थोड्याच वेळात गाडीच्या आतून सगळ्या काचांवर वाफ धरली. चार माणसांचा श्वास, त्यात डिकीत सुक्या बोंबलांची गोणी. नथू हातानं पुसायचा, तिथे पाण्याचे ओघळ यायचे आणि समोरची एसटी दोन एसट्या दिसायची.

चहाच्या टपरीवर एक ट्रकवाला विडीतली तंबाखू चोळून आपली काच पुसत होता. नथूनं ते पाहिलं आणि मागे वळून बहिणीला म्हणाला, "ताये, तुझी मशेरी दे."

हिरानं डबी पदराखाली घेतली. "दात घासाची हाय ती. काच नाय घासाची."

"अगं, दरीत गेलो तर दात कुणाला दाखवशील?"

दिली. नथूनं मशेरी ओल्या फडक्यावर घेऊन काच आतून चोळली. वाफ कमी झाली की नाही ते सांगता येत नाही, कारण काच तपकिरी झाली. सुनंदा मागे बसून हसत होती. मी तिला म्हटलं, "हसू नकोस, गार हवा घशात जाते."

पाचगणीत पोहोचलो तर एकही खोली रिकामी नाही. का? शूटिंग! सगळे लॉज त्या मंडळींनी भरलेले. मी नथूकडे पाहिलं. मढ सोडून आलो तरी ही माणसं आमच्या पुढेच येऊन बसली होती. शेवटी महाबळेश्वरच्या दिशेनं बरंच पुढे, वेण्णा तलावाजवळ, एका स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्याकडे खोली मिळाली. गाडी अंगणात उघड्यावर लावली. शेजारी शेतकऱ्याची जीप होती.

जेवून आडवे झालो तोच दार वाजलं. मी सगळ्यांना गप्प केलं. अनोळखी मुलूख, घरात तरणी मुलगी, कोण असेल कुणास ठाऊक. हिरा म्हणाली, "अवं, घरमालक असंल." मी म्हटलं, "चोर पण तसंच वाजवतात." आणखी दोनदा वाजलं. मग पावलं लांब गेली. मी कडीला खुर्ची लावून निश्चिंत झोपलो.

सकाळी दार उघडलं आणि समजेना की गाडी कुठे गेली. जागेवरच होती, पण पांढऱ्या गाडीवर पांढरंच काहीतरी बसलं होतं. टपावर, बॉनेटवर, समोरच्या काचेवर. गवतसुद्धा मीठ शिंपडल्यासारखं. मी बोट लावलं, आणि पुढची गोष्ट मी कोळीवाड्यात कितीतरी दिवस सांगितली नाही. मी घाबरलो. बर्फ! आमचा जन्म बर्फात गेला. कारखान्यातून लाद्या आणायच्या, हातोड्यानं फोडायच्या, मासळीवर पसरायच्या. पण तो आम्ही पैसे देऊन आणलेला बर्फ. हा न बोलावता, फुकट, रात्रीतून आलेला.

शेतकरी आला. "पाव्हणं, दव गोठलंय. राती गोणपाट घिऊन आलतो, काचंवर टाकाय. तुमी दार न्हाई उघाडलं." आणि त्यानं स्वतःच्या जीपवरचं गोणपाट उचललं. खालची काच लख्ख.

नथू माझ्याकडे बघत राहिला. हिरा माझ्याकडे बघत राहिली. मी डोंगराकडे बघत राहिलो.

"उन्हं आली की जातंय आपसूक," शेतकरी म्हणाला. पण उन्हं यायला अवकाश होता आणि सुनंदा साडी नेसून, फाईल छातीशी धरून पायरीवर उभी होती. कडक इस्त्रीची साडी, वर साडूचा तपकिरी स्वेटर.

नथू म्हणाला, "गरम पाणी ओततो."

"काच तडकेल!" मी ओरडलो. हे मात्र माझं खरं होतं. वाचकांनीही लक्षात ठेवावं, गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी कधी ओतू नका.

"मग फुंकर मारू काय? नऊला पोचायचंय, भावजी."

तेव्हा माझ्यातला बर्फवाला जागा झाला. बर्फावर मीठ टाकलं की तो पाणी सोडतो, हे वर्सोव्यात कुणाला शिकवावं लागत नाही. मी शेतकऱ्याच्या घरातून खडे मीठ मागून घेतलं, तांब्याभर गार पाण्यात चांगलं मुठीमुठीनं विरघळवलं आणि काचेवर ओतलं. काय सांगू! बर्फ सरसर सुटला. नथूनं वायपर फिरवला, काच मोकळी. हिरानंसुद्धा कौतुकानं पाहिलं, आणि ती सहसा पाहत नाही. मी ऐटीत पुढच्या सीटवर बसलो. तिथे हिरो बसत असेल तर बसो.

वेण्णेहून पाचगणीकडे जाताना तोंड पूर्वेला असतं. चार वळणं गेलो आणि समोरून सूर्य वर आला. त्याच वेळी काचेवरचं पाणी सुकलं. मिठागरात वाफ्यातलं पाणी आटल्यावर जे उरतं, तेच आमच्या काचेवर उरलं. त्यावर ऊन पडलं आणि समोर रस्ता नाही, झाडं नाहीत, नुसता पांढरा उजेड.

नथूनं कचकन गाडी थांबवली. "भावजी, काच खारवलीत तुम्ही! आता हिला हळद लावून वाळत घालू का?"

हिरा म्हणाली, "त्यांना कुनी इचारलंवतं?" सुनंदा घड्याळाकडे बघत होती.

डिकीत इंजिनासाठी ठेवलेला पाण्याचा डबा होता, तो नथूला तेव्हा आठवला. सुरुवातीलाच आठवला असता तर मला मीठ सुचलं नसतं, हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. काच धुतली, मीठ गेलं, निघालो. आता बाहेरून स्वच्छ. पण आत चौघांचे श्वास भांडणानं आणखी गरम झालेले. पुन्हा वाफ.

सुनंदानं आपल्या बाजूची काच खाली केली. मी म्हटलं, "गारठशील. मुलाखतीत आवाज बसेल."

"बाबा, आवाज बसला तर फळ्यावर लिहून दाखवीन. उघडा तुमची पण."

सगळ्या काचा उघडल्या. असला वारा आत आला की माझे दात वाजायला लागले. नथूसमोरची वाफ तरी पुरती जाईना, म्हणून मी डोक्यावरची माकडटोपी काढली आणि त्याच्या बाजूची काच पुसत राहिलो. पुसायचं, लगेच धूसर व्हायचं, परत पुसायचं. नथू त्या टोपीएवढ्या भोकातून वळणं घेत होता.

असं पुसता पुसता मला एकदम कळलं, की आता सगळं माझ्या हातात आहे. मी थांबलो तर गाडी थांबेल. गाडी थांबली तर नऊ वाजून जातील. कुणाचं काही चुकणार नाही, थंडीचं चुकेल. संध्याकाळी चौघं परत वर्सोव्याच्या वाटेवर, आणि पोर आपल्या घरात. माझा हात थांबला.

"पुसा ना भावजी! झोपलात काय?"

मागून सुनंदा म्हणाली, "बाबा."

एवढंच. रागावून नाही, विनवणीनंही नाही. लहानपणी होडीत चढताना, एक पाय फळीवर आणि एक वाळूत ठेवून, हात पुढे करून ती तसंच म्हणायची. मी पुसायला लागलो. नंतर शाळेच्या फाटकापर्यंत थांबलो नाही. खांदा दोन दिवस दुखत होता.

नऊच्या आत पोहोचलो. ती उतरली, स्वेटर काढून आईच्या मांडीवर टाकला आणि मागे न बघता आत गेली. आम्ही फाटकाबाहेर चहा पीत बसलो. चहा वर्सोव्याच्या दुप्पट महाग आणि निम्मा गोड. बऱ्याच वेळानं ती आली ती धावतच.

"झालं बाबा! उद्यापासून या म्हणाले. राहायची खोली पण दाखवली. मी आजच राहू?"

हिरानं तिला जवळ घेतलं. नथू म्हणाला, "झकास, बाय!" मी विचारलं, "खोलीला खिडक्या किती?"

तिला चारही स्वेटर दिले. बोंबलांची गोणीही शाळेला द्यावी असं हिराचं म्हणणं होतं, पण सुनंदानं हात जोडले. तेव्हा बोंबील आमच्याबरोबर परत निघाले.

परतीच्या घाटात काचा बंद होत्या. ऊन कलल्यावर गारवा आला, तरी काच बरीच स्वच्छ राहिली. नथू खूश झाला. "बघा, मशेरीचा गुण आता आला."   मागच्या सीटवर एक श्वास कमी झाला होता, याचा हिशोब त्याच्या लक्षात आला नव्हता आणि मला नि हिराला तो मांडायचा नव्हता.

घरी आल्यावर साडूला स्वेटर परत करायला नवे विकत घ्यावे लागले. त्यानं विचारलं, "मग, कळली थंडी?" मी म्हटलं, "हो. पण बोरीवलीसारखी नाही." तो सुखावला.

जाणाऱ्यांनी एवढं करावं. रात्री काचेवर गोणपाट टाकावं, काचा थोड्या उघड्या ठेवून चालवावं, मीठ घरी ठेवावं, आणि दार वाजलं तर उघडावं.

सुनंदा तिथेच राहिली. लग्न तिथलंच, घर तिथलंच, निवृत्तही तिथूनच झाली. दर वर्षी थंडी पडली की मी फोनवर सांगायचो, तिथे फार गारठा, आता परत ये. ती म्हणायची, बघू बाबा. हिरा गेल्यापासून फोन उलट्या बाजूनं येतो. मी इथे एकटा, तेव्हा तिच्याकडे येऊन राहावं असं तिला वाटतं. ती आठवड्याला विचारते. परवाही विचारलं.

मी म्हटलं, "येईन गं. जरा थंडी कमी होऊ दे तुमच्याकडची."

ती म्हणाली, "बाबा, मे महिना चालू आहे."