आईची गाडी

आमच्या गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणतात, तिचे सासरेसुद्धा. घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस पालटायची, हे तिचं काम. बसच्या भरवशावर ते जमेना, म्हणून तिने जाहिरात पाहून जुनी पांढरी गाडी घेतली.

विकणारा गोडबोल्या होता. आपल्या घराच्या हिरव्या फाटकासमोर त्याने गाडी दाखवली. "आईची गाडी आहे हो, ताई. बाजारापर्यंत न्यायची, तेवढीच. आता गुडघे साथ देत नाहीत तिला."

गुडघ्यांची दुखणी सिस्टरच्या रोजच्या पाहण्यातली. तिचा विश्वास बसला.

आठवडाभरातच, सासऱ्यांना डोळे तपासायला नेताना, शाळेजवळच्या उतारावर ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. खाली शाळा नुकतीच सुटली होती. तिने गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या भिंतीला घासत नेली. पत्रा करकरला, आरसा तुटून पडला, गाडी थांबली.

"पोचलो का?" मागून सासऱ्यांनी विचारलं.

शीर सापडत नसतानाही न थरथरणारे तिचे हात आता स्टिअरिंगवरून सुटेनात.

मेकॅनिकने गाडीखाली जाऊन पाहिलं. "सिस्टर, ही पुरात बुडालेली गाडी आहे. ब्रेकच्या नळ्या गंजून फुटल्यात. वरून काळा रंग फासलाय फक्त."

तिने विकणाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "बघून घेतलीत ना? खासगी व्यवहार आहे. काय करायचं ते करा." नंतर त्याने फोन उचललाच नाही.

ग्राहक सल्ला केंद्रातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "गाड्यांच्या दुकानातून घेतली असतीत, तर तक्रार सोपी होती. कुणी घरची गाडी विकली, तर ती बहुतेक वेळा आहे तशी घेतली असंच धरतात. पण तो मुद्दाम खोटं बोलला, किंवा हा त्याचा धंदाच आहे, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. धंदेवाल्याने घरगुतीपणाचा आव आणला, म्हणून तो सुटत नाही."

दाखवणार कसं? सिस्टरची झोप उडाली. ती पुन्हा बसने फिरू लागली.

मग एके दिवशी नणंदेने मोबाइल पुढे केला. "वहिनी, हे फाटक बघ." जाहिरातीत निळी गाडी होती, मागे तेच हिरवं फाटक. नणंदेने फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "आईची गाडी आहे हो, ताई." नणंदेने तो फोन रेकॉर्ड केला.

दोघी तिथे पोचल्या तेव्हा एक तरुण जोडपं आधीच आलेलं. बायकोच्या कडेवर बाळ होतं आणि नवरा पैशांचं पाकीट काढत होता. त्या माणसाने तिला ओळखलं आणि तो वाटेत आडवा आला. "ताई, आपण आत बसून बोलू."

"इथंच बोलू," ती म्हणाली. जोडप्याला ऐकू जाईल असा तिने आवाज चढवला. "आईंची पांढरी गाडी माझ्याकडे आहे. तिचा ब्रेक उतारावर गेला. किती गाड्या चालवायच्या हो आईंनी?"

"बाई, बाहेर व्हा." त्याने तिचा दंड धरला. नणंद पुढे सरसावली. बाळ रडू लागलं.

गलका ऐकून दारात एक म्हातारी आली. त्या माणसाने मागे वळून म्हटलं, "आई, आत जा."

म्हातारी हलली नाही. सिस्टरकडे बघत म्हणाली, "मला तर सायकलसुद्धा येत नाही, बाई." आणि मुलाला म्हणाली, "हात सोड तिचा."

त्याने हात सोडला. जोडप्यातल्या नवऱ्याने पाकीट खिशात घातलं, आणि साक्ष द्यायला आपला नंबरही दिला.

सिस्टरने ग्राहक आयोगात केलेली तक्रार रखडत चालली. अखेर तो गाड्यांचा व्यापारीच ठरला. त्याला पांढरी गाडी परत घ्यावी लागली आणि सिस्टरची रक्कम फेडावी लागली. मात्र निकालाच्या दिवशी ती खुशीत नव्हती. त्या म्हातारीला आता त्याच घरात, त्याच मुलाच्या हाताखाली दिवस काढायचे होते.

पुढच्या आठवड्यात कामावरून परतताना सिस्टर त्या फाटकापाशी बसमधून उतरली आणि तिने बेल वाजवली. म्हातारीनेच दार उघडलं.

"गुडघे खरंच दुखतात का तुमचे?" सिस्टरने विचारलं.

"तेवढं खरं सांगितलं होतं त्याने," म्हातारी म्हणाली, आणि तिला आत घेतलं.