खोडाळ्याला अर्धलीवर ठेवलेली कोंबडी

गाडीची पुढची सीट किती मागे सरकवावी याबद्दल कायद्यात काहीच तरतूद नाही, ही या देशाची गंभीर उणीव आहे. मिहिर घरी आला की सीटखालचा दांडा ओढतो, सीट पार मागच्या बाकाला टेकवतो आणि मागे ठेवलेल्या माझ्या छत्रीची, फराळाच्या डब्याची चटणी करतो. मी निषेध नोंदवतो. तो म्हणतो, "बाबा, पाय कापून डिकीत ठेवू का?" आमच्या प्रवासाचं मंगलाचरण हे असं झालं.

मिहिर माझा मुलगा. साडेसहा फुटांच्या वर आहे. आजानुबाहू वीरांची वर्णनं मी शाळेत संस्कृतच्या तासाला वर्षानुवर्षं रंगवून सांगितली. पण अशा वीराचा न्हाणीघराच्या चौकटीवर रोज कपाळमोक्ष होतो, हे एकाही ग्रंथकारानं लिहून ठेवलेलं नाही. तो परदेशात व्यावसायिक बास्केटबॉल खेळतो. हे ऐकून लोकांचे डोळे विस्फारतात, तेव्हा खुलासा करावा लागतो, की टीव्हीवर दिसतं ते नव्हे. छोट्या देशांतल्या छोट्या लीग. थायलंड, मंगोलिया, सायप्रस. संघात परदेशी खेळाडूंच्या दोनेक जागा असतात. त्यातला कुणी जायबंदी झाला की याच्या एजंटचा फोन येतो. हंगाम संपला की करार संपतो, कधी हंगामाच्या आधीच. दुसऱ्यांचे चुकलेले नेम रिंगखाली उडी मारून गोळा करायचे, हा त्याचा धंदा. वय तेहतीस.

यंदा बाल्कनमधल्या एका क्लबनं त्याला हंगामाच्या सुरुवातीलाच निरोप दिला आणि ऐन दिवाळीत तो घरी आला. त्याची आई गेल्यापासून घरात मी एकटा असतो. आता दोघं झालो, आणि दोघंही त्याच्या फोनकडे बघत बसू लागलो. शेवटी मीच म्हटलं, "चल, जव्हारला जाऊन येऊ."

नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार असा सरळ रस्ता आहे. ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पण घाट आणि खड्डे धरून अडीच तास धरा. पेट्रोल त्र्यंबकलाच भरून घ्यावं. घाट उतरलो तशी दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं दिसू लागली; उतारांवर नागली, म्हणजे नाचणी, अजून उभी होती. मोखाड्याच्या स्टँडवर चहाला थांबलो. चहावाल्यानं मिहिरला पायांपासून सुरुवात करून सावकाश वरपर्यंत पाहिलं.

"मिलिटरीत का, साहेब?"

"नाही. बास्केटबॉल खेळतो."

"हां, ते बरोबर. पण नोकरी कुठं?"

मिहिर हसला. मीही हसलो. माझा प्रश्न त्यानं विचारून टाकला होता.

जव्हारला बाराशे रुपयांत खोली मिळाली, स्वच्छ आणि गरम पाण्याची. पलंग मात्र सामान्य मानवासाठी. मिहिरनं गादी खाली ओढली, उशाला बॅग लावली, चार्जरसाठी भिंतीवरचं बटण शोधलं आणि क्षणात त्या खोलीत राहायला लागला. त्याचा हा सराईतपणा पाहून मला का कोण जाणे, वाईट वाटलं. नाशिकच्या घरीही तो असाच राहतो. बॅग उघडी, कपडे बॅगेतच.

संध्याकाळी हनुमान पॉइंटवर गेलो. समोर दरी, पलीकडे डोंगरांच्या निळ्या ओळी, दूरवर राजवाडा. तो कठड्यावर बसला, मी बाकावर. संस्कृत काव्यशास्त्रात पती परगावी गेलेल्या स्त्रीला स्वतंत्र नाव आहे, तिच्या वियोगाचे प्रकार आहेत, तिनं दिवस कसे मोजावेत याचेसुद्धा संकेत आहेत. मुलगा परगावी गेलेल्या बापाची शास्त्रकारांनी काहीही सोय केलेली नाही. आणि मुलगा चार हातांवर बसलेला असताना तो परगावीच आहे असं वाटत असेल, तर त्याचा तर विचारच नको.

"तिथे संध्याकाळी काय करतोस?" मी विचारलं.

"तिथे म्हणजे कुठे?"

"कुठेही."

"कुठेही सारखंच असतं, बाबा. सराव, जेवण, खोली." थोड्या वेळानं म्हणाला, "मंगोलियात खिडकीत एक मांजर यायचं."

दुसऱ्या दिवशी दाभोसा धबधबा पाहिला. गर्दी नव्हती आणि पाणी अजून भरपूर होतं, ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. खाली उतरायला पायऱ्या आहेत, त्या गुडघेदुखीवाल्यांनी टाळाव्यात. हे मी माझ्यापुरतं लिहिणार होतो. पण मिहिर त्या पायऱ्या आडवा होऊन उतरत होता, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं. दोघांनीही धबधब्याची स्तुती केली.

परत येताना रस्त्याकडेच्या एका घरी सांगून जेवलो. नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण, सुकटीची चटणी. दोघांचे तीनशे रुपये, आणि भाकरी मागाल तितकी. हात धुताना त्याचा फोन वाजला. अंगणाच्या टोकाला रेंज होती, तिथे उभा राहून तो इंग्रजीत बोलला. परत येऊन म्हणाला, "थायलंड. त्यांचा एक खेळाडू पडलाय. दोन महिने. गुरुवारी निघायचं."

"आणि गुडघा?"

"गुडघा ठीक आहे," तो म्हणाला. मी आणखी अर्धी भाकरी मागितली. भूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी वेगळ्या रस्त्यानं, खोडाळा-देवगावमार्गे परत निघालो. खोडाळ्याला बाजार होता. दिवाळी झाली की इथले पाडे रिकामे होऊ लागतात. माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर वसई-भिवंडीकडे जातात. 'जगायला जातो,' असं म्हणतात. एक ट्रक भरत होता: बोचकी, हंडे, कळशा, पोरं. ट्रकाशेजारी एक म्हातारी टोपलीत कोंबड्या गोळा करत उभी होती. ट्रक गेला तशी ती थेट आमच्या गाडीशी आली.

"देवगावच्या रस्त्यानं जाता ना? मला पाड्यावर सोडा."

नाव सोमीबाई. मिहिरच्या मागे जागा शून्य, म्हणून ती माझ्या मागे बसली. कोंबड्यांची टोपली मिहिरच्या सीटमागे उभी कोंबली, माझ्या डब्यावर. पुढचं सगळं संभाषण कोंबड्यांच्या साथीनं झालं.

"एवढ्या कोंबड्या विकत घेतल्या, आजी?" मिहिरनं विचारलं.

"विकत कशाला? ज्यांनी त्यांनी ठेवल्या. जगायला जातात ती मानसं माझ्याकडं ठेवून जातात. अर्धलीवर. अंडी माझी, पिल्लं झाली तं अर्धी माझी, अर्धी त्यांची."

"आणि घारीनं नेली तर?"

"नेली तं दोघांची गेली." मग तिनं पुढे वाकून त्याला न्याहाळलं. "तू कुठं रं जातंस?"

"मी पण जातो आजी, बाहेरच. लांब. चेंडू खेळायला."

"मुकादम हाय का?"

मिहिरनं माझ्याकडे पाहिलं. "आहे. एजंट म्हणतात त्याला."

"उचल देतो?"

"देतो. एका महिन्याचा पगार आगाऊ."

"भट्टी बंद पडली तं?"

"तर घरी पाठवतात."

"मंग भट्टीच ती," सोमीबाईनं निकाल दिला. "कोंबड्या कोनाकडं ठेवल्यास?"

"माझ्या नाहीत."

"एक पन नाय? एवढा मोठा बाप्या, नि एक कोंबडी नाय! मंग परत येतंस कशापायी?"

तो हसायला लागला. मी गिअर बदलला, खरं तर गरज नव्हती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुमच्याकडे आहे का विकायला एखादी?"

होती. तिची स्वतःची, तांबडी. किंमत तिनं बाजारभावाच्या दीडपट सांगितली, आणि अर्धलीवर ती तिच्याकडेच राहील हेही. मी घासाघीस करू पाहिली तर म्हणाली, "गुरुजी, तुमी रस्त्याकडं बघा." मी मास्तर हे तिनं न सांगताच ओळखलं होतं. म्हणजे स्वतःची कोंबडी विकून, ती स्वतःकडेच ठेवून, अंडी स्वतः खायची. अर्थशास्त्रावरच्या आपल्या जुन्या ग्रंथांत इतका सफाईदार व्यवहार माझ्या तरी वाचनात नाही.

पाड्यावर पोचलो. बरीच दारं बंद होती. सोमीबाईच्या कुडाच्या घरापुढे प्रत्येक कोंबडीच्या पायाला वेगवेगळ्या चिंधीची खूण बांधलेली: लाल ती भाच्याची, पिवळी शेजारणीची, साडीच्या काठाची ती सुनेची. "तुझी खून बांध," ती म्हणाली. आमच्याकडे चिंधी नव्हती. मी रुमाल काढत होतो. मिहिर ओट्यावर टेकला, त्यानं पँट गुडघ्याच्या वरपर्यंत दुमडली. गुडघ्याच्या वर, खाली, बाजूंनी निळी पट्टी चिकटवलेली होती. त्यानं एक टोक सोडवलं, वीतभर फाडलं आणि कोंबडीच्या पायाला गुंडाळलं.

सोमीबाईनं गुडघ्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे. "ही नाय हरवायची," ती म्हणाली. तिनं माझा नंबर शेजारणीच्या मोबाइलमध्ये घालून घेतला.

देवगावपासून त्र्यंबकपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. पण या वेळी तो परगावी नव्हता, गाडीत होता.

गुरुवारी तो गेला.

एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. "गुरुजी, तुमची तांबडी अंड्यांवर बसली ना, तिची सात पिल्लं निघाली. एक घारीनं नेलं. तीन तुमची." मी लगेच थायलंडला फोन लावला. मिहिर इतका मोठ्यानं हसला की मागून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. पिल्लं कुठल्या रंगाची, कोंबडी बरी आहे ना, पायाची पट्टी आहे का, सगळं त्यानं विचारलं. मला सांगता येईना, तर म्हणाला, "बाबा, एकदा जाऊन बघून या ना." मग म्हणाला, करार हंगाम संपेपर्यंत वाढवलाय.

मी जाऊन आलो. पट्टीचा निळा रंग उडालाय, पण आहे. सोमीबाईनं मला दोन अंडी दिली, आणि हे व्यवहारात बसत नाही हेही सांगितलं.

जव्हार-मोखाड्याला जरूर जा. सरकवलेल्या सीटवरून मी उगाच बोललो. ती अजून तशीच मागे आहे. गुडघ्याची मला काळजी वाटते, पण गुडघे डॉक्टर बघतात. खरी काळजी वेगळी आहे. एक दिवस हा खेळ सुटेल आणि तो कायमचा परत यायला निघेल. सोमीबाई आणि एक तांबडी कोंबडी सोडली, तर इथे त्याच्या ओळखीचा मी एकटाच आहे, आणि तोवर मी असेन की नाही, हे मला माहीत नाही.